नववा आठवडा लागला आहे: कोणती तपासणी कधी, आणि अभ्यासासाठी रक्त द्यावं का?

रामबाग_इंदूर
नमस्कार मंडळी. वहिनीला दिवस गेले आहेत, पहिलीच वेळ, वय २९. शेवटची पाळी ३ जूनची, चक्र नियमित २८ दिवसांचं. ५ ऑगस्टच्या सोनोग्राफीत बाळ ८ आठवडे ३ दिवसांचं दिसलं, ठोके चांगले. म्हणजे पाळीच्या हिशेबापेक्षा चार दिवस मागे. रक्तात हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ६६ आणि एचपीएलसीत (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी) एचबीए२ (त्यातला एक प्रकार) ५.१ टक्के.

वहिनी माहेरची सिंधी, भाऊ देशस्थ. डॉक्टरांनी आता भावाचंही एचपीएलसी लिहून दिलंय. घरात काका म्हणतात, बाळ तिच्या पोटात, मग रक्त त्याचं कशाला? दुसरं, बाळातल्या डाऊन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांसाठी डबल मार्कर करावी की सरळ एनआयपीटी (दोन्ही आईच्या रक्तावरच्या तपासण्या)? आणि तिसरं, दवाखान्यात एका अभ्यासाचं संमतीपत्र दिलंय. नेहमीच्या तपासणीच्या वेळी जास्तीच्या दोन नळ्या रक्त आणि बाळंतपणानंतर वारेचा एक तुकडा त्यांना हवाय. वहिनीची तयारी आहे, आईची नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

सूक्ष्मदर्शी
भावाचं रक्त उद्या सकाळी द्या. बाकी सगळं चार दिवसांनी झालं तरी चालेल, हे नाही.

एचबीए२ ५.१ आणि एमसीव्ही ६६ ही जोडी बीटा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकाची आहे. वाहक म्हणजे आजारी नव्हे, वहिनींचं आयुष्य चारचौघींसारखंच असणार. पण नवराही वाहक निघाला, तर प्रत्येक खेपेला बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. मेजर म्हणजे पहिल्या दोन वर्षांतच रक्त चढवणं सुरू होतं, ते दर दोन ते चार आठवड्यांनी जन्मभर, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला रोजची औषधं. नवरा वाहक नसेल तर मेजरची चिंता तिथेच संपते. काकांना हेच सांगा: बाळाला रक्ताचा एक साचा आईकडून येतो आणि एक बापाकडून. आईकडचा बघून झाला, बापाकडचा राहिलाय.

नमुना जांभळ्या झाकणाच्या नळीत २-३ मिली, उपाशीपोटी असायची गरज नाही. सोबत सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) हवंच, नुसता एचपीएलसीचा आकडा अर्धवट बोलतो. ३.५ च्या वर एचबीए२ म्हणजे वाहक असं ढोबळ धरतात, पण ३.५ ते ३.९ हा पट्टा फसवा. लोहाची कमतरता असली की एचबीए२ खाली ओढलं जातं आणि वाहक माणूस नॉर्मल दिसू शकतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर अहवाल रक्तदात्याचाही असतो. भावाचा एमसीव्ही ८० च्या खाली किंवा एमसीएच (पेशीतलं सरासरी हिमोग्लोबिन) २७ च्या खाली आला आणि एचबीए२ त्या पट्ट्यात आलं, तर थांबू नका, डीएनए तपासणी मागा.

नर्मदातीर
सूक्ष्मदर्शींना अनुमोदन. एक भर. 'देशस्थ म्हणजे सुटलो' असं कुणी धरू नये. एचपीएलसीत एचबीएस (म्हणजे सिकल), एचबीई, एचबीडी हे हिमोग्लोबिनचे सदोष प्रकारही बघायचे. आईकडून बीटा थॅलेसेमिया आणि बापाकडून सिकल आलं तर बाळाला सिकल-बीटा होतो आणि तो बऱ्याचदा सिकल ॲनिमियाइतकाच त्रास देतो.

आपल्या भागात हे जवळचं आहे. झाबुआ, अलिराजपूर, धार, बडवानी या पट्ट्यात सिकलचं प्रमाण मोठं. राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ ला सुरू झाली तीही मध्य प्रदेशातच, शहडोलला. त्या शिबिरांत आधी सोल्युबिलिटी चाचणी करतात. ती फक्त 'एचबीएस आहे की नाही' एवढंच सांगते, वाहक की रुग्ण ते सांगत नाही. आणि थॅलेसेमिया तर तिला दिसतच नाही. म्हणून शिबिरातला 'निगेटिव्ह'चा कागद दाखवून एचपीएलसी टाळू नये.

बडोदेकर
बडोद्यातही सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत ही तपासणी लग्नाआधीच करून घ्यायचा आग्रह धरतात. या समाजांत बीटा जनुकातला ६१९ बेस-जोड्यांचा तुकडा गळालेला असणं हा दोष बराच आढळतो. तो प्रयोगशाळेला आधी कळवला तर शोध लवकर लागतो.

घड्याळ असं आहे. भाऊ वाहक निघाला तर आधी दोघांच्या रक्तातून नेमका दोष शोधावा लागतो, त्याला आठवडा-दोन आठवडे जातात. तो सापडल्यावरच बाळाचा नमुना घेऊन उपयोग. ११ ते १४ आठवड्यांत वारेचा अगदी बारीक तुकडा सुईनं घेतात, तो सीव्हीएस. ती वेळ हुकली तर १५ आठवडे पूर्ण झाल्यावर गर्भजल काढतात (ॲम्निओ), साधारण १५ ते २० मिली. दोन्हींत अनुभवी हातांमध्ये गर्भपाताचा जास्तीचा धोका अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. नमुन्यासोबत आईचं रक्तही पाठवायचं असतं, कारण वारेच्या तुकड्यात आईच्या पेशी मिसळल्या तर अहवाल बाळाचा न येता आईचाच येतो. आज नववा आठवडा आहे म्हणून हे सगळं निवांत बसतं, तेराव्यात कळलं असतं तर पळापळ झाली असती.

आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर सुई घातल्यावर अँटी-डीचं इंजेक्शन विसरू नका.

थेट_मुद्दा
माझं मत सरळ आहे. पैसे असतील तर डबल मार्करच्या भानगडीत पडू नये. एनआयपीटी दहाव्या आठवड्यापासून होते, डाऊन सिंड्रोमच्या ९९ टक्क्यांहून जास्त केसेस पकडते, सुई फक्त आईच्या दंडात. रक्ताची एक तपासणी, विषय संपला.

सोनोवाले
विषय तिथे संपत नाही.

पहिली गोष्ट, नेहमीच्या एनआयपीटीत थॅलेसेमिया दिसत नाही. ती २१, १८, १३ या गुणसूत्रांची संख्या मोजते. रामबाग यांच्या घरी आज जो प्रश्न आहे, त्याचं उत्तर तिच्यात नाहीच.

दुसरी, तीही चाळणीच आहे. आईच्या रक्तात बाळाचा डीएनए तरंगतो हे डेनिस लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये दाखवलं, पण तो डीएनए खरं तर वारेतून येतो. कधी कधी वारेत दोष असतो आणि बाळ ठणठणीत असतं. जुळ्यातलं एक बाळ सुरुवातीला विरघळलं असेल तरी आकडा चुकतो. म्हणून 'हाय रिस्क' आलं की सीव्हीएस किंवा ॲम्निओ केल्याशिवाय कोणताही निर्णय घ्यायचा नाही. २९ वयाच्या बाईत आणि ४० वयाच्या बाईत त्याच 'हाय रिस्क'चा अर्थही वेगळा. तरुण वयात मुळात डाऊन कमी, त्यामुळे खोट्या इशाऱ्यांचा वाटा जास्त.

तिसरी, एनआयपीटी केली म्हणून एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी मोजणारी सोनोग्राफी) सोडायचा नाही. त्या स्कॅनमध्ये कवटी, पोटाची भिंत, हातपाय, मूत्राशय, जुळं असेल तर वार एक की दोन, हे सगळं दिसतं. एनटी ३.५ मिमी किंवा वर असेल तर गुणसूत्रं नॉर्मल असूनही हृदयाचे दोष शोधावे लागतात. हे रक्त सांगत नाही.

थेट_मुद्दा
थॅलेसेमियाचा मुद्दा मान्य, तो माझ्या लक्षात आला नव्हता. पण डबल मार्करचे खोटे इशारे किती बायकांची झोप उडवतात तेही बोला की.

सूक्ष्मदर्शी
बोलते, कारण त्यातले पुष्कळ इशारे टाळता येण्याजोगे असतात.

डबल मार्करमध्ये दोन पदार्थ मोजतात, पीएपीपी-ए आणि फ्री बीटा-एचसीजी. दिवस वाढतील तसा पहिला चढतो, दुसरा उतरतो. डाऊनच्या बाळात पहिला कमी आणि दुसरा जास्त असतो. आता फॉर्मवर बाळाचे दिवस चुकून आठवडाभर जास्त लिहिले तर काय होईल? पीएपीपी-ए 'या दिवसांच्या मानानं कमी', बीटा-एचसीजी 'या दिवसांच्या मानानं जास्त'. निरोगी बाळाचा अहवाल हुबेहूब डाऊनसारखा दिसणार. म्हणून दिवस सोनोग्राफीतल्या सीआरएलवरून (बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी) घ्यायचे, आठवणीतून नाही.

वजन त्याच दिवशी काट्यावर घ्या. वजनदार बाईच्या रक्तात हे पदार्थ पातळ होतात, संगणक ते दुरुस्त करतो, पण खरं वजन दिलं तर. जुळं, आयव्हीएफ, मधुमेह, तंबाखू हे रकाने रिकामे सोडू नका.

आणि उष्णता. रक्त तसंच उन्हात राहिलं तर आख्खं एचसीजी तुटून फ्री बीटा वाढतं, म्हणजे आकडा खोटा चढतो. उन्हाळ्यात इंदुरात पारा ४० च्या वर जातो आणि घरून घेतलेले नमुने दुपारभर दुचाकीच्या पेटीत हिंडतात. नमुना केंद्रावर जाऊन द्या, तिथेच सीरम वेगळं करून थंड पेटीत जातं का ते विचारा. एनआयपीटीचं उलट आहे. तिची नळी खास असते, साधारण १० मिली रक्त, घेतल्यावर हळूच आठ-दहा वेळा उलटसुलट करायची, आणि फ्रीजमध्ये ठेवायची नाही. पेशी फुटल्या तर आईचाच डीएनए सांडतो आणि बाळाचा वाटा ४ टक्क्यांच्या खाली जाऊन अहवालच निघत नाही.

अहवालातलं १:२४० कसं वाचायचं तेही सांगते. हाच आकडा आलेल्या २४० जणींपैकी एकीच्या बाळाला डाऊन, २३९ जणींच्या बाळांना नाही. एरवी १:२५० च्या अलीकडे आलं की लाल शाईत छापतात, म्हणून घाबरगुंडी उडते.

सराफा_रात्री_दहा
२३९ चा हा हिशेब प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापायला हवा. फार आभार.

सोनोवाले
एनटीबद्दल थोडं, कारण तिथे दशांश मिलिमीटरचा खेळ असतो. सीआरएल ४५ ते ८४ मिमी असतानाच ती मोजायची, म्हणजे ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस. बाळ बाजूनं, मान ना वाकलेली ना ताणलेली, डोकं आणि छाती पडदाभर मोठी केलेली. मान मागे ताणलेली असेल तर एनटी जास्त दिसते, हनुवटी छातीला टेकली असेल तर कमी. तीन वेळा मोजून सगळ्यात मोठं माप घ्यायचं. बाळ उलटं झोपलं असेल तर बाहेर जरा फिरून यायला सांगतात. तो वेळकाढूपणा नव्हे, त्याच डॉक्टरांकडे परत जा.

ग्वाल्हेरची_माई
एनआयपीटीत मुलगा-मुलगी कळतंच ना? मग अहवालात का नाही?

कलम_आणि_कागद
माई, कळू शकतं, पण सांगणं गुन्हा आहे. १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा २००३ च्या दुरुस्तीनं आणखी कडक झाला. शब्दानं, खुणेनं, कोणत्याही रीतीनं लिंग सांगायला बंदी. म्हणून भारतातल्या अहवालात तो रकानाच नसतो. सोनोग्राफीला गेल्यावर भरतात तो फॉर्म 'एफ' यासाठीच. त्यात 'मला लिंग जाणून घ्यायचं नाही' असं गरोदर बाईचं निवेदन असतं आणि डॉक्टरांचंही. सीव्हीएस-ॲम्निओसाठी लेखी संमती वेगळी, बाईला समजणाऱ्या भाषेत, आणि तिची प्रत तिला द्यायची. मराठी किंवा हिंदीत मागा, हक्कानं मागा.

सराफा_रात्री_दहा
डोहाळजेवणात वाटीखाली बर्फी की पेढा हा खेळ आहेच की, तेवढ्यावर हौस भागवावी. बर्फी निघो नाहीतर पेढा, खायला दोन्ही गोड.

ग्वाल्हेरची_माई
खेळ ठीक, पण खेळानंतर सुनेला कुणी टोमणे मारत असेल तर वाट्या मांडूच नयेत. असो. डोहाळजेवणावरून आठवलं, सातव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते तेव्हा फाइल सासरी राहते. रक्तगट, एचबीएसएजी (कावीळ बी), एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिस), सगळ्या सोनोग्राफ्या आणि मातृ-बाल संरक्षण कार्ड बरोबर हवंच. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल आणि नव्या दवाखान्याला माहीतच नसेल तर बाळाची इम्युनोग्लोब्युलिनची सुई राहून जाते. ती १२ तासांच्या आत द्यायची असते, लस २४ तासांच्या आत.

पोहे_जिलबी
साखरेची तपासणी कुणीच लिहिली नाही! भारतात ती पहिल्याच भेटीत करायची आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात, ५ ते १० मिनिटांत पिऊन टाकायचं, बरोबर दोन तासांनी रक्त. १४० किंवा वर आलं तर गरोदरपणातला मधुमेह. यासाठी उपाशी राहावं लागत नाही, पोहे-जिलबी खाऊन गेलात तरी हीच रीत. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.

चूक इथे होते: पाकिटावर 'मोनोहायड्रेट' लिहिलं असेल तर ७५ नाही, ८२.५ ग्रॅम लागतात. आणि मधल्या दोन तासांत बाजारात फिरून यायचं नाही, बसून राहायचं. चालण्यानं साखर उतरते.

नर्मदातीर
हिमोग्लोबिन ९.८ बद्दल. ११ च्या खाली म्हणजे ॲनिमिया, ७ ते ९.९ मध्यम. इथे दोन टोकाच्या चुका होतात. एक, 'थॅलेसेमिया आहे ना, मग लोह नको' म्हणून गोळ्या बंद. दुसरी, हिमोग्लोबिन चढत नाही म्हणून लोहाची सलाइनं लावत राहणं. वाहक बाईलाही लोहाची कमतरता असू शकते, तिच्यात हिमोग्लोबिन थोडं कमी राहणं हे मूळचंही असतं. फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करा. ३० च्या खाली असेल तर लोह पूर्ण मात्रेत. सरकारी लाल गोळीत ६० मिग्रॅ लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. चहा, दूध, कॅल्शियमबरोबर नाही, मध्ये दोन तास सोडा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी मोफत असते.

रामबाग_इंदूर
मंडळी, भावाचा अहवाल आला! एचबीए२ २.६, एमसीव्ही ८६, एमसीएच २९, एचबीएस वगैरे काही नाही. वहिनीचं फेरिटिन ११. काकांनी अहवाल स्वतः दोनदा वाचला.

सूक्ष्मदर्शी
छान! थॅलेसेमिया मेजरचा प्रश्न मिटला. फेरिटिन ११ म्हणजे लोह कमी आहेच, डॉक्टरांशी बोलून गोळ्या लगेच सुरू करा. बाळ वाहक असण्याची शक्यता निम्मी, ते फाइलवर लिहून ठेवा, बाळाच्या लग्नाच्या वेळी उपयोगी पडेल. आणि वहिनींच्या भावंडांनाही एचपीएलसी करायला सांगा.

आईची_बाजू
संमतीपत्राकडे कुणी वळलंच नाही. मला रामबाग यांच्या आईचं पटतं. पोटात बाळ असताना कुणाच्या प्रयोगात पडू नये. थॅलिडोमाइड विसरलात का?

कलम_आणि_कागद
थॅलिडोमाइड विसरू नयेच. पण तिथे झालं काय? १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत ते बाजारात आलं, गरोदर स्त्रियांवर नीट न तपासता त्यांना दिलं गेलं, १९६१ अखेर मागे घेतलं. ते नुकसान अभ्यास न केल्यानं झालं.

आणि इथे औषध द्यायचं नाहीये. रक्त घ्यायचं आहे आणि बाळंतपणानंतर एरवी टाकून दिली जाते त्या वारेचा तुकडा. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. तरी सही डोळे मिटून करू नये. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या आधारानं विचारा: नैतिक समितीची मान्यता आहे का आणि समितीचा फोन कागदावर आहे का. नळ्या किती मिलीच्या. नमुना कुठे, किती वर्षं ठेवणार. पुढच्या दुसऱ्या अभ्यासांसाठी वापरायचा असेल तर त्याची संमती वेगळी हवी. डीएनए तपासणार का, आणि उपचाराच्या दृष्टीनं महत्त्वाचं काही सापडलं तर घरच्यांना कळवणार का. मधेच नको म्हटलं तर उपचारात फरक पडणार नाही, हे लिहिलेलं आहे का. औषधाची चाचणी असती तर सीटीआरआयचा (देशातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक आणि नुकसानभरपाईचं कलमही बघायला लावलं असतं.

सही वहिनींची. नवऱ्याची नाही, सासूबाईंची नाही. घरात चर्चा जरूर व्हावी.

बडोदेकर
अशा नळ्यांतून काय निघतं त्याचं उदाहरण आपल्या मराठी मुलखातलंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत अभ्यास सुरू केला. तिथल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांत बी१२ कमी निघालं. ज्यांच्यात बी१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देत होती. शाकाहारी घरातल्या बाईनं नुसत्या फोलिकवर न थांबता बी१२ही तपासावं, हा धडा त्या गावांतल्या बायकांच्या रक्तातून मिळाला.

पोटातल्या बाळाच्या वाढीचे आंतरराष्ट्रीय तक्ते २०१४ मध्ये आले, इंटरग्रोथ-२१, त्यात आठ ठिकाणांपैकी एक नागपूर होतं. आणि गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयात २०१५ पासून 'गर्भिणी' अभ्यास चालू झाला, अकाली प्रसूती का होते ते शोधायला.

आईची_बाजू
औषध आणि नमुना यांतला फरक मी केला नव्हता. 'पुढच्या अभ्यासासाठी' हा वेगळा रकाना असतो हेही नव्यानं कळलं. तरी ९.८ हिमोग्लोबिनात जास्तीचं रक्त द्यायला मी का कू करीनच.

सूक्ष्मदर्शी
रास्त शंका. दोन नळ्या म्हणजे बहुधा १० मिलीच्या आत, दोन चमचे. त्यानं हिमोग्लोबिन हलत नाही. तरी लोह सुरू होऊन महिना झाल्यावर, नेहमीच्या तपासणीच्या सुईतूनच घ्या म्हणून सांगता येतं. वेगळी सुई नको.

रामबाग_इंदूर
वहिनीनं माहितीपत्रक आणून आईला वाचून दाखवलं. नळ्या चार-चार मिलीच्या. पुढच्या अभ्यासांचा रकाना वेगळा आहे, तिथे तिनं 'नाही'वर खूण केली आणि बाकी सही केली. प्रत फाइलमध्ये लावली.

आता शेवटचं. चार दिवसांच्या फरकामुळे तारीख बदलायची का? एनटी कधीची घेऊ?

सोनोवाले
बदलू नका. या टप्प्यावर पाळी आणि स्कॅन यांत सात दिवसांहून जास्त फरक असेल तरच तारीख बदलतात. अपेक्षित तारीख १० मार्चच राहू द्या, आणि पुढच्या कोणत्याही स्कॅनवरून ती हलवू देऊ नका.

पाळीनुसार एनटीची खिडकी १९ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर. पण बाळ चार दिवस मागे मोजलंय, १९ ला गेलात तर सीआरएल ४५ च्या खाली भरेल आणि परत पाठवतील. २८ ऑगस्टला घ्या, डबल मार्करचं रक्त त्याच दिवशी. जुळलं नाही तर हातात अजून दहा दिवस राहतात. ॲनॉमली स्कॅन (बाळाचे अवयव तपासणारी सोनोग्राफी) ७ ते २१ ऑक्टोबरमध्ये, तोही आत्ताच लिहून टाका. काही आढळलं तर ॲम्निओच्या पूर्ण अहवालाला दोन-तीन आठवडे लागतात, आणि गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर बाळातल्या गंभीर दोषासाठी दोन डॉक्टरांच्या मतावर निर्णयाची मर्यादा २४ आठवड्यांची आहे, पुढे राज्याचं वैद्यकीय मंडळ. वहिनींची ती तारीख १८ नोव्हेंबर.

रामबाग_इंदूर
२८ ऑगस्ट, सकाळी साडेदहा. नोंदवलं. काका बरोबर येणार म्हणतायत.